नवे स्टेडियम आणि जुने पाठीराखे : वेस्ट हॅम युनायटेडच्या स्थलांतराचा एक अभ्यास

१. विषयप्रवेश

इंग्लंडमधील फुटबॉलचा इतिहास प्रायः विजेत्यांच्या याद्या, खेळाडूंची चरित्रे आणि क्लबांचे जमाखर्च यांच्या आधारे लिहिला गेला आहे. सामना पाहण्यासाठी घराबाहेर पडणारा प्रेक्षक कोणत्या रस्त्याने येतो, कोठे खातो-पितो, कोणाशेजारी बसतो आणि मैदानापासून किती अंतरावर असतो, या गोष्टी इतिहासाच्या कक्षेत फार उशिरा आल्या. भूगोलवेत्ते जॉन बेल यांच्या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्पोर्ट, स्पेस अँड द सिटी’ या ग्रंथाने या दिशेने महत्त्वाचे पाऊल टाकले. मनुष्याला विशिष्ट स्थळाविषयी वाटणारी आपुलकी हा त्यांच्या विवेचनाचा एक मुख्य धागा आहे. स्टेडियम म्हणजे खेळ पाहण्याची सोय एवढाच अर्थ घेतला, तर जुने स्टेडियम सोडून अधिक मोठ्या व अधिक सोयीच्या स्टेडियममध्ये जाण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात मात्र अशा प्रत्येक स्थलांतराने पाठीराख्यांमध्ये तीव्र मतभेद निर्माण केले आहेत.

पूर्व लंडनमधील वेस्ट हॅम युनायटेड या क्लबाने २०१६ मध्ये बोलिन ग्राउंड हे आपले ११२ वर्षांचे निवासस्थान सोडले आणि २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये बिऱ्हाड हलविले. हे स्टेडियम पुढे ‘लंडन स्टेडियम’ या नावाने ओळखले जाऊ लागले. या स्थलांतरावरील वादाचा उलगडा ‘जुने ते सोने’ एवढ्या एका म्हणीने होत नाही. दोन्ही पक्षांचे म्हणणे नीट तपासले असता असे दिसते की, आसन, अंतर आणि तिकिटाचा दर यांविषयीच्या तक्रारींच्या मुळाशी आणखी एक प्रश्न होता : क्लब कोणाचा, आणि त्याच्या रीतिभाती ठरविण्याचा अधिकार कोणाचा? प्रस्तुत विवेचनाचा रोख त्या प्रश्नाकडे आहे.

२. कारखान्याचा संघ आणि त्याची मैदाने

या क्लबाचा जन्म १८९५ मध्ये ‘थेम्स आयर्नवर्क्स’ या जहाजबांधणीच्या कारखान्यात झाला. ली नदी थेम्सला मिळते त्या ठिकाणी हा कारखाना होता. ब्रिटिश आरमाराची ‘वॉरियर’ ही प्रसिद्ध लोखंडी युद्धनौका १८६० मध्ये याच कारखान्यातून पाण्यात उतरली होती. कारखान्याचे प्रमुख आर्नल्ड हिल्स हे कामगारांच्या कल्याणाविषयी आस्था बाळगणारे, मद्यपानाचे विरोधक व व्यायामाचे पुरस्कर्ते होते. कामगारांचा फुटबॉल संघ हा त्यांच्या कल्याणयोजनेचाच एक भाग होय. १९०० मध्ये या संघाची पुनर्रचना होऊन त्यास वेस्ट हॅम युनायटेड हे नाव मिळाले. कारखाना १९१२ मध्ये बंद पडला; परंतु बोधचिन्हातील एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे आणि ‘आयर्न्स’ हे टोपणनाव यांच्या रूपाने त्याची आठवण उरली.

नव्या स्टेडियमविषयीच्या वादात क्वचितच लक्षात घेतलेली एक गोष्ट येथे नमूद करणे अगत्याचे आहे. हिल्स यांनी १८९७ मध्ये स्वतःच्या खर्चाने ‘मेमोरियल ग्राउंड्स’ नावाचे विस्तीर्ण क्रीडास्थान उभारले. त्यात फुटबॉलच्या मैदानाभोवती सायकल शर्यतीची व धावण्याची धावपट्टी होती, शिवाय पोहण्याचा तलावही होता. म्हणजे प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये धावपट्टी असणे हा प्रकार या क्लबाच्या इतिहासात २०१६ मध्ये प्रथम घडला असे नाही. अनेक खेळांसाठी उभारलेल्या जागेत आणि जागेच्या धन्याच्या मर्जीने खेळण्याचा अनुभव क्लबाने आरंभीच घेतला होता. १९०४ मध्ये हा संबंध संपला. अप्टन पार्क भागातील ग्रीन स्ट्रीट हाउस या जुन्या वाड्यालगतची जागा क्लबाने भाड्याने घेतली आणि सप्टेंबर १९०४ मध्ये तेथील पहिल्या सामन्यात मिलवॉलचा ३-० असा पराभव केला.

या वाड्याला लोक ‘बोलिन कॅसल’ म्हणत. आठव्या हेन्रीची राणी अ‍ॅन बोलिन येथे राहत असे, अशी दंतकथा होती. तिला इतिहासाचा आधार नाही. परंतु दंतकथेनेच मैदानाला बोलिन ग्राउंड हे नाव दिले आणि वाड्याच्या बुरुजांची आकृती क्लबाच्या बोधचिन्हावर आली. प्रत्यक्ष वाडा विसाव्या शतकाच्या मध्यास पाडण्यात आला. वस्तू नष्ट झाल्यावरही चिन्ह जिवंत राहते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

३. ‘जुने’ मैदान कितपत जुने होते?

बोलिन ग्राउंडविषयी बोलताना पाठीराखे त्याच्या प्राचीनतेचा उल्लेख करीत. वस्तुतः २०१६ मध्ये उभ्या असलेल्या त्या स्टेडियममध्ये १९०४ चे जवळजवळ काहीच शिल्लक नव्हते. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मन उडत्या बाँबने त्याच्या एका कोपऱ्याची हानी केली. पूर्वेकडील ‘चिकन रन’ ही खुराड्यासारखी दिसणारी लाकडी गॅलरी १९६८-६९ मध्ये जाऊन तेथे नवे ईस्ट स्टँड आले. दोन्ही गोलांमागील उभे राहण्याच्या पायऱ्या १९९० नंतरच्या दशकात गेल्या आणि तेथे आसनांची स्टँड्स उभी राहिली. त्यांपैकी एकास १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लिश संघाचा कर्णधार बॉबी मूर याचे नाव देण्यात आले. २००१ मध्ये पश्चिमेस भव्य स्टँड बांधताना त्याच्या दर्शनी भागावर किल्ल्याचे दोन कृत्रिम बुरुज उभारले गेले. पाडलेल्या वाड्याची ही काँक्रीटमधील प्रतिकृतीच म्हणावयाची. या कामी मैदानही काही मीटर पश्चिमेकडे सरकविण्यात आले, त्यामुळे ईस्ट स्टँडमधील प्रेक्षक पूर्वीपेक्षा दूर गेले. ऑक्टोबर १९७० मध्ये टॉटनमविरुद्धच्या सामन्यास ४२,३२२ प्रेक्षक होते. हा येथील उच्चांक होय. आसने बसविल्यानंतर ही क्षमता सुमारे ३५,००० वर आली.

यावरून एक निष्कर्ष निघतो. पाठीराख्यांना जे जुने वाटत होते, ते भिंतींचे जुनेपण नव्हते. ती जागा, तिच्याकडे जाणारा रस्ता आणि तेथील वहिवाट यांचे ते जुनेपण होते. अप्टन पार्क भुयारी रेल्वे स्थानकातून बाहेर पडावे, ग्रीन स्ट्रीटने क्वीन्स मार्केटवरून चालत जावे, मांसाचे सारण भरलेला पाय आणि कुस्करलेला बटाटा खावा, बार्किंग रोडच्या कोपऱ्यावरील बोलिन टॅव्हर्नमध्ये मित्रांना भेटावे, मग घरांच्या रांगांमधून एकाएकी समोर येणाऱ्या स्टेडियमच्या फाटकातून आत शिरावे, असा हा क्रम होता. तो पिढ्यानुपिढ्या चालला. वडिलांचा हात धरून आलेला मुलगा पुढे आपल्या मुलाला घेऊन त्याच वाटेने येई.

तथापि या चित्रालाही एक मर्यादा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व लंडनमधील कामगार कुटुंबे मोठ्या संख्येने एसेक्सकडे सरकली. मैदान ज्या न्यूअम बरोत होते, तेथे २०११ च्या जनगणनेनुसार ‘गोरे ब्रिटिश’ म्हणवणारे लोक १६.७ टक्केच उरले होते. ग्रीन स्ट्रीटवर साड्यांची, दागिन्यांची आणि मसाल्यांची दुकाने होती व ती भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश येथून आलेल्या कुटुंबांची होती. म्हणजे सामन्याच्या दिवशी येणारे अनेक प्रेक्षक त्या वस्तीचे रहिवासी राहिले नव्हते. आजोळी जावे तसे ते तेथे परत येत असत. स्थलांतराने तुटला तो शेजारधर्म नव्हता, कारण तो आधीच विरळ झाला होता. तुटली ती परत येण्याची वाट. वादातील भावनेची तीव्रता समजण्यास हा भेद ध्यानी घेणे आवश्यक आहे.

४. रोखे योजना : वादाची पूर्वपीठिका

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डमधील हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत अखेर ९७ जणांचे प्राण गेले. तिच्या चौकशीनंतर न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये प्रसिद्ध झाला आणि वरच्या श्रेणींतील सर्व स्टेडियममध्ये प्रत्येक प्रेक्षकास आसन देणे बंधनकारक ठरले. या सुधारणेचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न लगेच पुढे आला. वेस्ट हॅमच्या चालकांनी १९९१ मध्ये एक रोखे योजना जाहीर केली. तीनुसार पाठीराख्याने ५०० ते ९७५ पौंडांचा रोखा विकत घ्यावयाचा आणि त्या बदल्यात त्याला मिळावयाचा तो हंगामी तिकीट विकत घेण्याचा केवळ हक्क. तिकिटाचे पैसे निराळेच.

पाठीराख्यांनी ही योजना हाणून पाडली. हजारांहूनही कमी रोखे खपले. १९९१-९२ च्या मोसमात मैदानावर निदर्शने झाली. फेब्रुवारी १९९२ मध्ये एव्हर्टनविरुद्धच्या सामन्यात एक प्रेक्षक कोपऱ्यावरील निशाण उपटून मैदानाच्या मध्यवर्तुळात जाऊन बसला. त्या मोसमाअखेर संघ खालच्या श्रेणीत गेला. या प्रसंगाचे महत्त्व असे की, आज हळव्या स्मृतींचा विषय झालेले बोलिन ग्राउंड स्वतःच एके काळी अशाच कलहाचे रणांगण होते. पाठीराखा हा क्लबाचा घरचा माणूस की गिऱ्हाईक, हा प्रश्न तेथे १९९२ मध्येच विचारला गेला होता.

५. ऑलिंपिक वारसा आणि करारनामा

६ जुलै २००५ रोजी ऑलिंपिकचे यजमानपद लंडनला मिळाले. स्ट्रॅटफर्ड येथील मुख्य स्टेडियम ८०,००० प्रेक्षकांचे बांधावयाचे आणि स्पर्धा संपल्यावर वरचे मजले उतरवून मैदानी खेळांसाठी २५,००० आसनांचे ठेवावयाचे, अशी मूळ कल्पना होती. त्याला फुटबॉल क्लब भाडेकरू म्हणून आणण्याचे नंतर ठरले. फेब्रुवारी २०११ मध्ये वेस्ट हॅमची निवड झाली, परंतु टॉटनम हॉटस्पर व लेटन ओरिएंट या क्लबांच्या कायदेशीर आक्षेपांमुळे त्याच वर्षी तो व्यवहार मोडला. अखेर मार्च २०१३ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर एकमत झाले. धावपट्टी कायम राहील आणि उन्हाळ्यात काही काळ स्टेडियम मैदानी खेळांना मोकळे राहील, हे त्यात गृहीत होते.

कराराचा पूर्ण मजकूर एप्रिल २०१६ मध्ये लोकांसमोर आला. क्लबाने रूपांतराच्या खर्चात १.५ कोटी पौंड द्यावयाचे आणि वार्षिक भाडे सुमारे २५ लक्ष पौंड भरावयाचे होते. गोलखांब, कोपऱ्यांची निशाणे, फिरती फाटके, सफाई आणि बंदोबस्तावरील सेवक यांचा भार मात्र मालकावर, म्हणजे पर्यायाने सार्वजनिक पैशावर होता. रूपांतराचा खर्च १९ कोटी पौंडांच्या अंदाजावरून ३२.३ कोटींवर गेल्याचे लंडनच्या महापौरांनी करविलेल्या चौकशीच्या अहवालातून २०१७ मध्ये स्पष्ट झाले.

हा व्यवहार क्लबाला फायद्याचा होता, यात शंका नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की, सामन्याच्या दिवसाची व्यवस्था क्लबाच्या हातात राहिली नाही. फाटकावर झडती घेणारा सेवक क्लबाचा नव्हता. भिंतीला क्लबाचा रंग द्यावयाचा, धावपट्टीवर कोणत्या रंगाचे आच्छादन घालावयाचे, एवढ्यातेवढ्या गोष्टींसाठीही मालकाशी वाटाघाटी कराव्या लागत. भाड्याच्या घरात खिळा ठोकण्यापूर्वी घरमालकाला विचारावे लागते, तशीच ही स्थिती होती. शतकापूर्वी आर्नल्ड हिल्स यांच्या मैदानावर जे घडले होते, त्याचीच ही मोठ्या प्रमाणावरील आवृत्ती होय.

६. निरोप आणि गृहप्रवेश

१० मे २०१६ रोजी बोलिन ग्राउंडवर क्लबाचा अखेरचा सामना मँचेस्टर युनायटेडशी झाला. पाहुण्या संघाच्या बसवर बाटल्या फेकल्या गेल्याने सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला. विन्स्टन रीडने हेडरने नोंदविलेल्या गोलामुळे वेस्ट हॅमने तो ३-२ असा जिंकला. त्यानंतर ती जागा घरबांधणीसाठी गेली आणि तेथे आठशेहून अधिक निवासस्थाने उभी राहिली. त्याच वर्षी बोधचिन्हावरून किल्ला काढून टाकण्यात आला आणि हातोड्यांखाली ‘लंडन’ हा शब्द आला. याविषयी पाठीराख्यांचे मतदान आधी घेतले गेले होते व बहुमत बदलाच्या बाजूने होते. पाठीराख्यांत एकच एक मत नव्हते, याचा हा आरंभीचा पुरावा आहे.

नव्या स्टेडियममधील पहिला सामना ४ ऑगस्ट २०१६ रोजी डोमझाले या स्लोव्हेनियन संघाशी झाला आणि तो ३-० असा जिंकला गेला. परंतु पहिल्याच महिन्यांत अस्वस्थतेची चिन्हे दिसू लागली. जुन्या मैदानात काही भागांत उभे राहून सामना पाहण्याची अलिखित मुभा होती. नव्या जागी उभे राहणारे आणि बसणारे शेजारी शेजारी आले. पुढचा उठला की मागच्याला दिसेना, आणि एकाच क्लबाचे पाठीराखे आपसांत हातघाईवर आले. पोलिसांची बिनतारी संदेशयंत्रणा आत नीट चालत नसल्याने प्रारंभी आतील बंदोबस्तात पोलीस नव्हते. ऑक्टोबर २०१६ मध्ये चेल्सीविरुद्धच्या सामन्याच्या वेळी दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांत मोठी दंगल झाली.

७. दोन पक्ष

विरोधी पक्षाची पहिली तक्रार अंतराविषयी होती. धावपट्टीवर सरकती आसने आणून ठेवली, तरी मैदान व प्रेक्षक यांमध्ये मोठी मोकळी जागा राहते. मैदानी खेळांच्या स्टेडियमचा खालचा मजला धावपट्टीवरील स्पर्धा दिसण्यासाठी कमी उताराचा असतो, तर फुटबॉलसाठी तीव्र उतार लागतो. त्यामुळे मागील रांगांतून खेळाडू लहान दिसतात आणि प्रेक्षकांचा घोष मैदानापर्यंत पोहोचण्याआधी विरून जातो. बोलिन ग्राउंडवर कडेला चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला पहिल्या रांगेतील शेरे ऐकू येत असत. ही जवळीक नव्या जागी उरली नाही. दुसरी तक्रार वाटेविषयी होती. स्ट्रॅटफर्ड स्थानकातून बाहेर पडल्यावर समोर विस्तीर्ण बाजारसंकुल लागते. तेथून उद्यानातील रुंद मार्गांनी चालत जावे लागते आणि परत येताना सेवकांच्या ‘थांबा’ व ‘चला’ या फलकांच्या आज्ञेने गर्दी पुढे सरकते. वाटेवर ना ओळखीचे दुकान, ना भेटीचा ठरलेला कोपरा.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही तितकेच वस्तुस्थितीला धरून होते. बोलिन ग्राउंडमधील प्रसाधनगृहे अपुरी होती, मध्यंतरात खाद्यपेयांसाठी दाटी होई आणि अप्टन पार्क स्थानकाबाहेरची रांग लांबच लांब असे. स्ट्रॅटफर्डला अनेक रेल्वेमार्ग एकत्र येतात. तेथे चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या प्रेक्षकांस, वृद्धांस आणि लहान मुलांस वावरणे सुलभ झाले. सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिकिटाची. पहिल्या मोसमात प्रौढांसाठी सर्वांत स्वस्त हंगामी तिकीट २८९ पौंडांना आणि सोळा वर्षांखालील मुलांसाठी ९९ पौंडांना ठेवण्यात आले. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत हे दर उल्लेखनीय होते. हंगामी तिकिटांची संख्या सुमारे ५२,००० झाली. जुन्या मैदानाची एकूण क्षमताच ३५,००० असल्याने, त्यांपैकी किमान १७,००० जणांना तेथे असे तिकीट मिळणे अशक्य होते. ज्यांना जुन्या घरात जागाच नव्हती, त्यांनी त्या घरासाठी अश्रू का ढाळावेत?

मतभेदाचे स्वरूप येथे स्पष्ट होते. एकाच स्टेडियममध्ये बसलेले लोक निरनिराळ्या गोष्टींचे मोजमाप करीत होते. जो पूर्वी गोलामागे उभा राहून गात असे, त्याने जवळीक आणि सोबत गमावली. जो पूर्वी दूरचित्रवाणीवर सामना पाहत असे, त्याने प्रत्यक्ष उपस्थिती मिळविली. दोन मुलांना घेऊन येणाऱ्या आईला रुंद जिने आणि स्वस्त तिकीट हाच मोठा लाभ होता. वरच्या मजल्यावरील आसन आणि मैदानालगतचे आसन यांतून दिसणारा सामनाही एक नव्हता. पिढी, आसन, राहण्याचे ठिकाण आणि खिसा या चार गोष्टी जाणून घेतल्या, तर एखाद्याचे मत काय असेल याचा बराचसा अंदाज बांधता येई.

८. कोपऱ्यावरचे निशाण

पाचवी गोष्ट म्हणजे संघाची कामगिरी. १० मार्च २०१८ रोजी बर्नलीविरुद्धचा सामना ०-३ असा गमावला जात असताना काही प्रेक्षक मैदानात घुसले. चालकांच्या कक्षासमोर मोठा जमाव गोळा झाला आणि नाणी फेकली गेली. घाबरलेल्या काही मुलांना बर्नलीच्या राखीव खेळाडूंनी आपल्या बाकावर आश्रय दिला. या सामन्याच्या दिवशी निषेधमोर्चा काढण्याचे आधी ठरले होते, परंतु पाठीराख्यांच्या गटांतील मतभेदांमुळे तो रद्द झाला होता. म्हणजे विरोधकांतही एकवाक्यता नव्हती.

त्या गोंधळात एका प्रेक्षकाने कोपऱ्यावरील निशाण उपटले आणि ते मध्यवर्तुळात नेऊन रोवले. १९९२ मधील निदर्शन ज्यांना आठवत होते, त्यांना या कृतीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वीचे निशाण क्लबाच्या मालकीच्या मैदानावरचे होते. हे निशाण करारनाम्यानुसार घरमालकाने पुरविलेले होते. चिन्ह तेच, गाऱ्हाणेही तेच, मालक मात्र बदललेला. पाठीराख्यांची परंपरा भिंतींबरोबर पाडली गेली नव्हती, हे या प्रसंगाने सिद्ध केले. ती नव्या जागी आली, पण आनंदाच्या रूपाने येण्यापूर्वी निषेधाच्या रूपाने आली. हिंसेचे समर्थन होऊ शकत नाही. भेदरलेली मुले हा त्या दिवसाचा तितकाच खरा पुरावा आहे. तरीही तो दिवस निव्वळ गुंडगिरीचा म्हणून निकालात काढणे इतिहासाला धरून होणार नाही.

याच स्टेडियममध्ये १७ मार्च २०२२ रोजी अगदी निराळे दृश्य दिसले. युरोपा लीग स्पर्धेत सेव्हिया या स्पॅनिश संघाचा जादा वेळेत २-० असा पराभव झाला. विजय निश्चित करणारा गोल आंद्री यार्मोलेन्को या युक्रेनियन खेळाडूने केला. त्याच्या मायभूमीवर रशियाचे आक्रमण होऊन तेव्हा महिनाही लोटला नव्हता. त्या रात्रीचा घोष ऐकल्यावर, ‘येथे आवाज घुमतच नाही’ हे विधान पूर्वीइतक्या ठामपणे करता येईनासे झाले. जून २०२३ मध्ये प्राग येथे क्लबाने युरोपा कॉन्फरन्स लीगचे विजेतेपद मिळविले. स्टेडियमची क्षमताही पुढे ६२,५०० पर्यंत नेण्यात आली.

यशाने सर्व शंका मिटल्या असे मात्र झाले नाही. सवलतीच्या तिकिटांत कपात करण्याच्या निर्णयाविरुद्ध २०२४ मध्ये पाठीराख्यांनी चळवळ केली आणि २०२५ मध्ये चालकांविरुद्धची निदर्शने पुन्हा सुरू झाली. तिकिटाच्या दराचा मुद्दा येथे विशेष लक्षणीय आहे. स्वस्त तिकीट हाच स्थलांतराच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम युक्तिवाद होता. त्याला धक्का लागताच जुन्या समर्थकांपैकीही अनेकांची भाषा बदलली. जागा न बदलता मत बदलले, यावरून वादाचे मूळ केवळ जागेत नव्हते, हे उघड होते.

९. इतर क्लबांशी तुलना

आर्सेनल क्लबाने २००६ मध्ये हायबरी सोडले, ते जवळच बांधलेल्या ६०,००० क्षमतेच्या स्टेडियमसाठी. तेथेही वातावरण थंड असल्याची तक्रार झाली. परंतु स्टेडियम क्लबाच्या मालकीचे असल्याने, २००९ पासून बाहेरील भिंतींवर गतकालीन खेळाडूंची भव्य चित्रे लावून आणि पुढे पुतळे उभारून चालकांना त्या तक्रारीचे काही अंशी निवारण करता आले. टॉटनमने आपल्या जुन्या जागेवरच नवे स्टेडियम बांधून ते एप्रिल २०१९ मध्ये खुले केले. त्याच्या दक्षिण टोकास १७,५०० प्रेक्षकांचा एकसंध उतार ठेवण्यात आला. घोष एकवटावा, हाच त्यामागील हेतू होता. तेथील पाठीराख्याची वाट बदलली नाही, दर मात्र वाढले. लिव्हरपूल शहरातील एव्हर्टनने १८९२ पासूनचे गुडिसन पार्क २०२५ मध्ये सोडून मर्सी नदीकाठच्या गोदीत ५२,७६९ आसनांचे नवे घर केले. पण जुने मैदान पाडले नाही, ते महिला संघाला दिले. मागे वळून पाहण्यास काहीतरी उरले, ही सोय वेस्ट हॅमच्या पाठीराख्यांना लाभली नाही.

या उदाहरणांवरून असे म्हणता येते की, नव्या स्टेडियममधील अनुभव तीन गोष्टींवर अवलंबून असतो : वाट टिकते की नाही, मालकी क्लबाकडे आहे की नाही, आणि आराखडा मुळात फुटबॉलसाठी केला होता की नाही. आर्सेनलला मालकी व आराखडा लाभला आणि वाटही फारशी दुरावली नाही. टॉटनमला तिन्ही गोष्टी लाभल्या. एव्हर्टनची वाट बदलली, पण आराखडा फुटबॉलचाच होता. वेस्ट हॅमच्या बाबतीत तिन्ही बाजूंनी उणीव होती. तेथील वाद अधिक काळ चिघळला, याचे कारण पाठीराख्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा या उणिवांत शोधणे सयुक्तिक ठरेल.

१०. समारोप

सारांश, दोन्ही पक्ष खोटे बोलत नव्हते. एकाने गमावलेल्याचा हिशेब मांडला, दुसऱ्याने मिळालेल्याचा. नव्या स्टेडियमचा नफा आसनांच्या आकड्यांत मोजता येतो म्हणून तो सत्य, आणि जुन्या वाटेचा तोटा मोजता येत नाही म्हणून तो भावविवशता, असे मानणे एकांगी होय. उलटपक्षी, बोलिन ग्राउंडही वेळोवेळी पाडून बांधले गेले आणि तेथील पाठीराख्यांनीही चालकांशी झगडा केला, हे विसरून त्यास सुवर्णयुगाचे मंदिर बनविणेही तितकेच चूक आहे. ज्या ली नदीच्या मुखाशी या क्लबाचा जन्म झाला, तिच्याच काठी, थोड्या वरच्या अंगास, नवे स्टेडियम उभे आहे. या अर्थाने क्लब आपल्या नदीकडे परतला असेही कोणी म्हणू शकेल. पण १८९७ मध्येही नदीकाठच्या कारखान्याच्या धन्याने बांधलेले मैदान क्लबाला आपले वाटले नव्हते. १९०४ मध्ये वस्तीतील लहानशी जागा घेतली, तेव्हाच तो घरी आला. नव्या जागी जन्मलेली पिढी आता तेथेच लहानाची मोठी होत आहे. तिच्या दृष्टीने स्ट्रॅटफर्ड स्थानकापासूनची वाट हीच वडिलांबरोबरची वाट असेल. ते घर आपले आहे असे तिला वाटेल की नाही, हे आसनाच्या अंतरापेक्षा तिच्या शब्दाला तेथे किती मान मिळतो यावर ठरेल.